भिंतीवरचे दोन डब्बे

१

कुलूप जसंच्या तसं. कडी जशीच्या तशी. आत टेबलावर लॅपटॉप, शेजारी आईचं घड्याळ, तेबी जसंच्या तसं. आन भिंतीवर? भिंतीवर नुसत्या दोन वायरी लोंबायलेल्या. वायफायचे दोन्ही डब्बे गायब!

अर्पितानं आधी दाराकडं बगितलं, मंग भिंतीकडं, मंग परत दाराकडं. सोमवार, दुपारचे सव्वाबारा. तिनं फोन लावला तो सिद्धोधनला.

"सिद्धू, चोरी झाली. लवकर ये."

"काय गेलं?"

"नेट गेलं."

"अगं, नेट गेलं त्याला चोरी म्हणत न्हाईत. ते परभणीत रोजच जातंय."

"डब्बा गेला रे! दोन गेले! माझा पेपर!"

पेपर म्हणल्यावर सिद्धोधनचं हसू बंद झालं. हा सिद्धोधन म्हणजे अर्पिताच्या वर्गातला, कृषी विद्यापीठात दोघं संगंच एमएस्सी झालेले. एकदा कॉलेजात प्रॅक्टिकलची हरवलेली फाईल त्यानं शोधून देली, तवापासून सगळे त्याला 'साहेब' म्हणायचे. फाईल त्याच्याच खुर्चीवर होती आन तो तासभर तिच्यावर बसलेला होता, हे त्यानं आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई.

गाडीला किक मारली आन दहा मिनिटांत वसमत रोडला हजर.

आता भानगड काय होती, ते ऐका. अर्पिताच्या घरी वर्षभरापासून 'गोदातीर नेट'ची जोडणी होती. संध्याकाळ झाली की चक्री फिरायची ती फिरतच राहायची. वर्षाचा करार रविवारी रात्री बारा वाजता संपणार होता. पोरगी हुशार. तिनं शनिवारीच 'भरारी फायबर'वाल्यांना बोलावलं आन नवा डब्बा जुन्याच्या शेजारी ठोकून घेतला. म्हणजे एक बंद पडायच्या आधी दुसरं चालू.

कारण सोमवारी चार वाजता तिचा पेपर. एका बियाणे कंपनीत संशोधन सहायकाची जागा, एकच जागा, शेवटची फेरी, घरी बसून, कॅमेऱ्यासमोर. दोन वर्षांत सात ठिकाणाहून नकार आलेला, हे आठवं. आन नियम असा कडक की रविवारी ज्या जोडणीवर चाचणी देली, त्याच जोडणीवरून पेपर द्यायचा. मोबाईलचं नेट चालणार न्हाई. दुसऱ्याचं घर चालणार न्हाई.

"भरारीवाल्यांना फोन केला?" सिद्धोधननं विचारलं.

"केला. दुसरा डब्बा अठ्ठेचाळीस तासांत देतो म्हणले."

"आन गोदातीर?"

"ते तर रात्री बारालाच बंद पडलं."

सिद्धोधन भिंतीपुढं उभा राहिला. वायरी तोडलेल्या न्हाईत, नीट पिना दाबून काडलेल्या. चाळीस हजारांचा लॅपटॉप सोडून प्लास्टिकचे दोन डब्बे नेणारा हा कसला चोर? त्याला काहीच कळंना. साहेबासारखं तोंड करून तो स्वयंपाकघरात गेला, आन तिथं तर अजूनच चक्रावला.

ओट्यावर एक गिलास पालथा घातलेला. खाली ओलं गोल.

"हे तू ठिवलंस?"

"न्हाई. मी साडेआठला निघाले तवा ओटा कोरडा होता. आमच्याकडं गिलास पालथा कोण घालतंय?"

म्हणजे चोर आत आला, पाणी प्याला, गिलास विसळला, पालथा घातला, डब्बे घेतले, कुलूप लावलं आन गेला.

"लय वळण लागलेला चोर हाय," सिद्धोधन म्हणला.

२

पहिला संशय घरातल्याच माणसावर. अर्पिताचा धाकटा भाऊ जीवन, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अर्पितानं नव्या डब्ब्याचा पासवर्ड त्याला सांगितला नव्हता. पेपर होईस्तोवर गेम बंद! त्यावरून रविवारी बहीणभावाचं जोरात वाजलं होतं.

जीवन पाऊण वाजता घरी आला, पाठीवर बॅग, तोंडात शेंगदाणे.

"सिद्धूदादा, तू इथं? जेवायलास का काय?"

"जीवन, सकाळी साडेआठनंतर कुटं होतास?"

"वर्कशॉपला. लोखंड घासायलो होतो." त्यानं काळे झालेले हात पुढं केले. "का?"

"डब्बे कुटं हायत?"

"टिफिनचे?"

"वायफायचे!"

जीवननं भिंतीकडं बगितलं आन त्याच्या तोंडातले शेंगदाणे तिथंच थांबले. "आयला! दीदी, आता पेपर?"

अर्पिता एकदम रडकुंडीला आली. "नाटकं करू नको. तूच म्हणला होतास ना, तुझा डब्बाच फेकून देतो म्हणून?"

"म्हणलो होतो. फेकायचा असता तर तुझ्यासमोर फेकला असता, मजा तर आली असती! आन दोन कशाला फेकीन? बंद पडलेला फेकून मला काय भेटणार?"

ते बी खरं होतं. वर्कशॉपच्या सरांनी फोनवर सांगितलं, जीवन आठपासून बाराच्या ठोक्यापर्यंत समोर उभा होता.

"घरात अजून कोण होतं सकाळी?" सिद्धोधननं विचारलं.

अर्पितानं बोटांवर मोजलं. आई झरीच्या शाळेवर शिक्षिका, सातलाच गेली. नर्मदाबाई आत्या राणीसावरगावहून डोळे दाखवायला आल्या होत्या, त्यांना बाबांनी आठ वाजता बस स्टँडवर सोडलं आन तसेच ऑफिसला गेले. जीवन त्याच्या आधीच गेला. शेवटी अर्पिता, हॉलतिकिटाची प्रिंट काडायला.

"किल्ली?"

"कुंडीखाली. घरातल्या सगळ्यांना म्हाईत हाय."

"आन घराबाहेरच्या कुणाला?"

अर्पितानं नुसतं वर बोट दाखवलं. वर घरमालक राहायचे.

३

घरमालक व्यंकटराव गच्चीवर खुर्ची टाकून, उन्हाकडं पाठ करून बसलेले. डिसेंबरातलं ऊन, बनियनवर मफलर. त्यांच्या मागंच खांबाला गोदातीर कंपनीचा करड्या रंगाचा मोठा पेटारा ठोकलेला. सगळ्या गल्लीच्या वायरी तिथून निघायच्या, आन गच्ची देली म्हणून व्यंकटरावांना नेट फुकट.

सिद्धोधनच्या डोक्यात घंटा वाजली.

"काका, अर्पितानं गोदातीर सोडलं, तुमाला राग आला का?"

"आला की!" व्यंकटराव उडालेच. "आधी देशमुखांनी सोडलं, मंग मुंजाजी मास्तरनं, आता ह्या. गल्लीतून गिऱ्हाईक संपलं की कंपनी पेटारा काडून नेणार. मंग मी म्हातारपणी भजनं कशावर ऐकू?"

"म्हणून तुमी डब्बे..."

"ए बाबा!" त्यांनी मफलर सोडला. "राग हाय, पण म्हणून लेकरावाणी पोरीच्या पोटावर पाय देऊ का? तिला लहानपणापासून बगायलो मी. आन मला खाली उतरायला गुडघे कुटं हायत?"

अर्पितानं मान खाली घातली. व्यंकटराव जरा निवले.

"पण एक सांगतो. सव्वानऊच्या सुमारास तुमच्या दाराची कडी वाजली. मला वाटलं, अर्पिताच हाय."

"बगितलं न्हाई?"

"पाठ शेकायलो होतो रे. पाठीला डोळे असतेत का? मंग गाडीचा आवाज आला तवा डोकावलो. तो गोदातीरचा लाईनमन न्हाई का, पप्पू? गाडीवर हे एवढं पोतं. आन पोत्यात डब्बेच डब्बे!"

सिद्धोधन आन अर्पितानं एकमेकांकडं बगितलं, आन दोघं जिन्यावरून धावत सुटली. एक वाजून दहा मिनिटं.

४

पप्पू सापडला स्टेशन रोडला, टपरीवर भजे खायलेला. करार संपला की जुन्या गिऱ्हाइकांच्या घरांतून कंपनीचे डब्बे गोळा करायचं काम त्याचं. पण गाडीवर पोतं नव्हतं.

"पप्पूभाऊ, आमच्या घरून डब्बे नेले का?"

"डब्बे न्हाई, डब्बा. एक. जुना. करार संपला ना तुमचा?" पप्पूनं शांतपणे मिरचीचा तुकडा मोडला.

"दोन नेले तुमी!"

"ताई, मी एकच नेला. हे बगा पावती." खिशातून पावतीपुस्तक काडलं. अर्पिताच्या बाबांचं नाव, पत्ता, 'डब्बा एक', आन खाली सहीच्या जागी निळा अंगठा.

अंगठा!

"आमच्या घरात अंगठा लावणारं कुणीच न्हाई," अर्पिता हळूच म्हणली.

"मंग ती आजीबाई कोण होती?"

"कोणती आजीबाई?"

"दारात होती ती. नऊवारी, डोक्यावर पदर. म्हणली, घरात बाईमाणूस एकटं हाय, आत येऊ नको, उंबऱ्यापाशीच थांब. मी म्हणलो, आजी, जुना डब्बा द्या, करार संपला. तिनं आणून देला. मी पोत्यात टाकला. बास."

"डब्बा उलटा करून बगितला न्हाई? मागं नंबर असतो ना?"

पप्पू ओशाळला. "ताई, सकाळपासून अकरा घरं केली. नंबर आमी एकदमच लिहितो, ऑफिसात बसून. आजचं ऱ्हायलंय, पण साहेबांना सांगू नका."

अर्पितानं आत्याला फोन लावला, नुसती रिंग वाजत राहिली. मंग बाबांना लावला. "बाबा, आत्याला तुमीच बसमधी बसवलं ना?"

"अगं, खिडकीपाशी जागा धरून देली. आठ वाजता. का गं?"

"काही न्हाई."

ऐका, आता तर डोकं फिरायची पाळी आली. कुलूप लावलेल्या घरात एक म्हातारी निघाली, जी त्या घरात न्हाईच. तिनं एक डब्बा देला, पण गायब दोन झाले. आन जुना डब्बा कंपनीचाच, तो कंपनीला गेला तर त्यात चोरी कुटं? मंग नवा कुणी नेला?

"पोतं कुटं हाय?" सिद्धोधननं विचारलं.

"ऑफिसात, जिंतूर रोडला. तीनच्या पार्सलनं नांदेडला जातंय." पप्पू उठला. "पण त्यात तुमचा जुनाच हाय, ताई. नव्यासाठी तिथं जाऊन काय उपयोग?"

पावणेदोन.

५

दोघं घरी परत आली. अर्पिता खुर्चीत बसली ती उठंनाच. "सोड सिद्धू. आठवा नकार समज."

खरं सांगायचं तर सिद्धोधनलाबी काहीच उमगत नव्हतं. त्यानं तिचा फोन घेतला. रविवारच्या चाचणीला खोलीचे फोटो पाठवायला लागले होते, ते तो बगायला लागला. टेबल. खुर्ची. दार. भिंत.

भिंतीवर दोन डब्बे. दोन्ही पांढरे, दोन्हीला दोन दोन अँटेना, अगदी जुळे भाऊ. फरक एवढाच की डावीकडच्याच्या कपाळावर हळदकुंकवाची दोन बोटं ओढलेली. उजवीकडचा कोरा.

"हे काय लावलंय?"

"कुटं?"

"इथं. डब्ब्यावर."

"ते होय? ते कुंकू हाय." अर्पितानं नीट बगितलंबी न्हाई. "आई दसऱ्याला सगळ्याला लावते. गाडी, मिक्सर, फ्रीज."

आता गंमत बगा. अर्पिताच्या घरी ते कुंकू रोजच्या नजरेतलं, म्हणून कुणालाच दिसत नव्हतं. सिद्धोधनच्या घरी दसरा म्हणजे पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वस्तूंना कुंकू लावायची रीतच न्हाई. त्याच्या नजरेला ते टोचलं.

"दसऱ्याला. म्हणजे कुंकू जुन्या डब्ब्यावर. नव्यावर न्हाई?"

"शनिवारी अमावस्या होती ना. आई म्हणली, सोमवारी शाळेतून आले की लावते."

सिद्धोधन खोलीत येरझारा घालायला लागला. एकदम थांबला.

"अर्पू, नवीन वस्तू घरात आली की तुमी काय करता?"

"कुंकू लावतो."

"मंग एखाद्या माणसाला ह्या दोनमधला नवा कोणता ते म्हाईत न्हाई. एकावर कुंकू हाय, एकावर न्हाई. तो नवा कोणता समजंल?"

अर्पितानं फोटो जवळ धरला. "कुंकवाचा. म्हणजे जुना."

"आन जुना समजून देईल कोणता?"

"कोरा. म्हणजे माझा! पण दोन महिन्यांचं वाळलेलं कुंकू हाय ते, बगितलं तर कळतंय की."

"नीट दिसत असलं तर. डोळे दाखवायला कोण आलं होतं?"

"आत्या? अरे, पण आत्या बसमधी..."

"बाबांनी जागा धरून देली. बस सुटताना बगितली का?"

अर्पितानं परत फोन लावला. बाबा म्हणले, बसमधी ड्रायव्हरच नव्हता आला, आन त्यांना ऑफिसला उशीर व्हायलाता, म्हणून ते निघाले. फोन ठेवला तसं सिद्धोधननं विचारलं,

"आत्यांचं डोळ्यात टाकायचं औषध कुटं असतंय?"

"रात्री इथंच, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं त्यांनी." कट्टा रिकामा.

"औषध विसरलं. उतरल्या. रिक्षानं परत आल्या. किल्ली कुंडीखाली, हे घरच्या माणसाला म्हाईत. पाणी प्याल्या, आन गिलास विसळून पालथा घातला. तेवढ्यात दारात पप्पू. आता सांग, घरात परका माणूस डब्बे गोळा करायलाय, तर आत्या त्यांना नवा वाटला तो डब्बा कुटं ठेवतील?"

अर्पिता पळत देवघरापाशी गेली. खालचा कप्पा ओढला. उदबत्त्यांच्या मागं, नव्या कोऱ्या ब्लाऊजपीसमधी गुंडाळून, जपून ठेवलेला डब्बा. वर वाळलेलं कुंकू. मागं पट्टी: गोदातीर नेट.

म्हणजे पोत्यातला कोरा डब्बा अर्पिताचा. आन पोतं तीनला निघणार.

दोन वाजून बावीस मिनिटं.

६

जिंतूर रोडच्या ऑफिसात काउंटरवर प्रियांका म्हणून पोरगी बसलेली. पोतं सुतळीनं शिवून तयार, रिक्षावाला उचलायलेला.

"थांबा!" सिद्धोधन दारातूनच ओरडला.

"सील झालंय," प्रियांका म्हणली. "आता साहेबांना विचारल्याशिवाय उघडता येत न्हाई."

"साहेब कुटं हायत?"

"जेवायला."

"मॅडम, हा तुमचा डब्बा." अर्पितानं कुंकवाचा डब्बा काउंटरवर ठेवला. "हा तुमचा, आन पोत्यात माझा हाय. तुमी नंबर लिहिले असतील ना? एक नंबर तुमच्या कंपनीचा निघणारच न्हाई."

प्रियांकानं वही उघडली. वहीत नंबरच नव्हते. तिनं पप्पूला फोन लावला आन जे काही ऐकवलं, ते इथं सांगण्यासारखं न्हाई. मंग कात्री घेऊन स्वतःच सुतळी कापली. अकरा पांढरे डब्बे फरशीवर पालथे घातले. गोदातीर, गोदातीर, गोदातीर... नववा, भरारी फायबर.

"घ्या," प्रियांका म्हणली. "आन ताई, पेपर चांगला द्या. माझ्या वाटचाबी थोडा लिवा."

परत येताना रेल्वे फाटक लागलं. मालगाडी. अर्पिता मागच्या सीटवर डब्बा पोटाशी धरून डबे मोजायली, आन सिद्धोधन गाडी बंद करून नुसता फाटकाकडं बगायलेला. साडेतीनला घरी. वायर लावली. लाल दिवा.

तीन चाळीस. लाल.

तीन सत्तेचाळीस. लाल. अर्पिताची नखं संपली.

तीन त्रेपन्नला दिवा नारंगी झाला, दोनदा मिचकला, आन हिरवा.

अर्पितानं सिद्धोधनला खोलीबाहेर ढकललं, आपला मोबाईल त्याच्या हातात कोंबला आन दार लावून घेतलं. खोलीत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द.

सिद्धोधन पायरीवर बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. पंधरा मिनिटं झाली नसतील, मोबाईल थरथरला. 'आत्या'.

"अर्पे! अगं सांगायचंच ऱ्हायलं बग!" पलीकडून जोरात आवाज. "मोबाईल पिशवीच्या बुडाशी, गाडीत ऐकूच आला न्हाई. दुपारची गाडी भेटली, आत्ता घरी टेकले. तुझा नवा डब्बा देवाखाली ठिवलाय. एक माणूस डब्बे गोळा करीत फिरायलाता, म्हणलं ह्योबी नेईल मुडदा. तू म्हणली होतीस ना, ह्या डब्ब्यावर माझी नोकरी हाय म्हणून? काडून घेतलास का? किती वाजले? पेपर झाला का सुरू?"

"आत्या, मी सिद्धोधन. अर्पिता पेपर देयलीय."

"डब्बा सापडला का पर?"

सिद्धोधननं बंद दाराकडं बगितलं. दिवसभर त्यानं 'कुणी केलं, कुणी केलं' म्हणून अख्खी परभणी पालथी घातली होती. आता नाव कळलं, आन माणूस फोनवर होतं.

"सापडला आत्या. तुमी ठिवला तिथंच होता."

"देवाजवळ ठिवलेलं जातंय कुटं!" आत्यांचा श्वास खाली बसला. "माझं मेलीचं काळीज नुसतं धडधडायलंतं. बरं केलं का न्हाई म्या?"

"लय बरं केलं, आत्या."

फोन ठेवला तर समोर जीवन उभा. मागं, गुडघ्यावर हात ठेवून, एक एक पायरी उतरत आलेले व्यंकटराव.

"साहेब, चोर सापडला का?" जीवननं विचारलं.

"न्हाई."

"म्हणजे फेल?"

"फेल," सिद्धोधन म्हणला, आन त्यानं तोंडावर बोट ठेवलं. आत कीबोर्ड टकाटका वाजायला होता.